औषधाच्या डबीला दाखवलेलं ऊन

माझ्या आईचा उन्हावर जितका विश्वास आहे तितका माझ्यावर असता, तर माझं लहानपण बरंच सुखात गेलं असतं. गाद्या, उशा, मिरच्या, डाळी, लोणच्याच्या बरण्या, बाबांचे बूट, माझी पुस्तकं, घरातली कुठलीच वस्तू तिच्या तावडीतून सुटत नसे. "जरा ऊन दाखवते," म्हणायची आणि उचलून गच्चीवर न्यायची. ती मूळची सावंतवाडीची. तिथे वस्तूंना बुरशी धरते, कपडे आंबतात, ऊन पडलं की बायका घरातलं सगळं बाहेर काढतात, हे मी समजू शकते. पण आम्ही राहत होतो मस्कतला, वादी अदाईत. सगळीकडून उघडेबोडके तपकिरी डोंगर, मधल्या खळग्यात आमच्या बिल्डिंगा, आणि उन्हाळ्यात गाडीच्या दाराला हात लावला तर बोटं भाजायची. तिथे कुणाला ऊन दाखवायची गरज नव्हती. ऊन स्वतःच घरात येऊन बसायचं आणि जायचं नाव घ्यायचं नाही. हे आईला कोण सांगणार? आता ती ऐंशीच्या पुढे आहे, मस्कतमधल्याच रुवीला आमच्याकडे असते, आणि गेल्याच आठवड्यात तिने माझ्या नातवाचा टॅब बाल्कनीत तापत ठेवला, का तर तो तापात असताना त्यावर गेम खेळत होता. टॅब गेला. आई म्हणते, जंतूही गेले.

तिचा दुसरा हट्ट डब्यांचा. कुणाकडून डबा आला की तो रिकामा परत द्यायचा नाही. हे काही तिचं एकटीचं नाही, आपल्याकडे सगळ्याच घरांत असतं, पण आईने त्याचा कायदाच करून टाकला होता. शेजारच्या मलबारी बाईंनी पायसम पाठवलं की त्यांच्या वाटीतून खोबऱ्याच्या वड्या जायच्या. घरमालकांकडून, म्हणजे आमच्या अर्बाबांकडून, ईदला हलव्याचं भांडं आलं की त्यातून पुरणपोळ्या जायच्या. मग ते लोकही बिचारे रिकामं कसं द्यायचं म्हणून पुन्हा काही घालायचे, आणि एकच भांडं महिनोन्महिने जिने चढत-उतरत राहायचं. ही सगळी ने-आण माझ्याकडे. माझं अकरावीचं वर्ष, गणिताने नाकी नऊ आणलेले, आणि मी ह्या दारातून त्या दारात ताटल्या घेऊन फिरतेय. बरं, बोलणंही मीच करायचं. आईला मराठीखेरीज काही येत नव्हतं आणि शिकायची इच्छाही नव्हती. "तू आहेस ना," म्हणायची. माझी मराठी शाळेतल्या इंग्रजीने अर्धी मोडलेली, पण दुभाषी म्हणून माझी नेमणूक कायम होती.

बाबा पाण्याच्या एका प्रकल्पावर पंपांचे फोरमन होते. काम आत वाळवंटाकडे, इब्राच्या बाजूला. शनिवारी पहाटे जायचे, बुधवारी संध्याकाळी परत यायचे. बुधवार म्हणजे घरात सुरमई तळल्याचा वास, कोकमाचं सार, आणि बाबांच्या बुटांतून पडलेली वाळू. बाबांबरोबर त्याच गाडीतून यायचे साकाईसान, सान म्हणजे आपलं राव. ते जपानी कंपनीचे पंपांचे इंजिनिअर, साठीला टेकलेले, एकटे, आमच्याच बिल्डिंगमध्ये तळमजल्यावर राहायचे. कॅम्पवर दोघं एका टेबलावर जेवायचे. त्यांची भाषा म्हणजे थोडं इंग्रजी, थोडं साइटवरचं अरबी, आणि उरलेलं हातवारे. "पंप खलास," "बुक्रा इन्शाल्ला," म्हणजे उद्या बघू, "नो प्रॉब्लेम," एवढ्या भांडवलावर दोघांनी कित्येक वर्षं गप्पा मारल्या. काय बोलायचे कोण जाणे. बाबा घरी येऊन काहीच सांगायचे नाहीत. ही बाबांची खोड. जगातली सगळी माहिती त्यांच्या पोटात असायची आणि ती वेळ टळून गेल्यावरच बाहेर यायची.

साकाईसानांकडची ती डबी मी आधी एकदा पाहिली होती. ईदला ते अर्बाबांना भेटायला गेले तेव्हा कोट-पँट घालून कमरेच्या पट्ट्याला ती लटकवून गेले होते. तळहाताएवढी, चपटी, कडा गोल केलेल्या, काळीभोर आणि इतकी चकचकीत की तिच्यात ट्यूबलाइट दिसायची. अंगावर सोनेरी लव्हाळं आणि त्यात एका पायावर उभा बगळा. अर्बाबांच्या कमरेला खंजीर होता, आणि खंजिराच्या पट्ट्याला त्यांची चांदीची सुरमादाणी लटकत होती. त्यांनी स्वतःची सुरमादाणी हातात धरली, साकाईसानांची डबी बघितली, आणि दोघं म्हातारे एकमेकांची कंबर तपासत बसले. मी हलव्याचं भांडं परत द्यायला गेले होते म्हणून मला हे दिसलं. साकाईसानांनी मलाही दाखवली. ह्याला इनरो म्हणतात, म्हणाले. पूर्वी जपानी पुरुषांच्या कपड्यांना खिसे नसायचे, म्हणून औषधाच्या गोळ्या ह्यात घालून कमरेला बांधायच्या. ओढून उघडली तर ती एक डबी नव्हती, एकावर एक बसणारे चार मजले आणि वर झाकण होतं. दोन्ही बाजूंनी रेशमी दोरी, दोरी घट्ट करायला एक मणी, आणि पट्ट्यात अडकवायला लाकडाचा कोरलेला बेडूक. मजले एकमेकांवर इतके नेमके बसायचे की सांधा नखाला लागायचा नाही. त्यांच्या आजोबांची होती ती. आमच्या आजोबांची चंची आठवली मला, तशीच खणाखणांची आणि तशीच कमरेला, फक्त कापडाची.

तर त्या बुधवारी बाबा इब्राहून आले ते पोट धरून. कॅम्पवर कुणाकडे तरी खजूर, लबान म्हणजे तिकडचं ताक, आणि काय काय खाऊन बसले होते. आल्या आल्या संडासात गेले ते तिथेच. मी शेजारच्या बिल्डिंगमध्ये ट्यूशनला होते. साकाईसान वर आले, दार वाजवलं, आईच्या हातात दोन्ही हातांनी ती डबी दिली, वाकून काहीतरी म्हणाले आणि गेले. आईला एक अक्षर कळलं नाही. तिने डबी उघडली. सगळ्यात खालच्या मजल्यात बारीक काळ्या गोळ्या होत्या आणि त्यांना असा वास होता की डांबर बरं. जपानातलं जुनं पोटाचं औषध. बाबांनी गोळ्या गिळल्या, रात्री शांत झोपले. गोळ्या कशातून आल्या ते त्यांनी विचारलं नाही आणि आईने सांगितलं नाही. आमच्या घरात असंच चालायचं.

दुसऱ्या दिवशी गुरुवार, तिकडची आठवड्याची सुट्टी गुरुवार-शुक्रवारची. मी दुपारी वाळत घातलेले कपडे आणायला गच्चीवर गेले. तिथे जुन्या धोतरावर पोह्याचे पापड होते, सुपात मिरच्या होत्या, आणि मिरच्यांच्या शेजारी स्टीलच्या ताटात साकाईसानांच्या इनरोचे चारही मजले आणि झाकण उपडे घालून ठेवले होते. दोरी वेगळी पिळून टांगली होती. बेडकाला चिमटा लावला होता. मी ताटाला हात लावला आणि झटक्यात मागे घेतला, इतकं ते तापलं होतं. काळा रंग काळा राहिला नव्हता, चहा सांडून सुकल्यासारखा झाला होता. त्यावर बारीक बारीक भेगा. लव्हाळ्याचं सोनं जागोजागी सुटलं होतं. मी एक मजला दुसऱ्यावर बसवून पाहिला, बसला नाही. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, आणि त्या गच्चीवर ती काही फक्त चिडण्याची आग नव्हती.

वाळलेल्या टॉवेलात ताट धरून मी खाली घरात आले. "आई, हे काय केलंस तू?"

"वास बघितलास का त्याचा?" आई पापडाचं पीठ मळत होती. "रात्रभर गरम पाण्यात सोडा घालून ठेवला, सकाळी घासला, तेव्हा कुठे कमी झाला. दुसऱ्याचा डबा असा घाणेरडा परत द्यायचा?"

"तो डबा नाहीये. ती त्यांच्या आजोबांची वस्तू आहे."

"लाखेचं काम आहे ते. आमच्या सावंतवाडीत ढिगाने मिळतं. लाखेची फळं, लाखेचे पाट, मी लहानपणापासून धूत आलेय. तुका काय कळता?"

हे सगळ्यात वाईट होतं. तिला ठाऊक नसतं तर वाद घालता आला असता. पण तिला लाख ठाऊक होती, सावंतवाडीची ठाऊक होती, त्यामुळे जगातली सगळी लाख तिला ठाऊक होती. जपानी लाख म्हणजे एका झाडाचा चीक असतो, तो ऊन अजिबात सोसत नाही, हे मलाही खूप वर्षांनी कळलं. मी ते तिला सांगितलं तर म्हणाली, "मग तसं सांगून द्यायचा ना त्याने."

आमच्या आवाजाने बाबा उठून आले. ताटाकडे बघितलं आणि खुर्चीवर बसले. "अगं, हे तो जपानला घेऊन चाललाय. उद्या रात्रीच. मुलीच्या लग्नाला."

"मग मला सांगायचं नाही?"

"मला काय माहीत ते आपल्या घरात आहे?"

मग दोघांचं जे सुरू झालं ते मी लिहीत नाही. पुढे कित्येक वर्षांनी बाबा वारले तेव्हाही ते पुरतं संपलेलं नव्हतं. त्या दुपारी मात्र बाबांनी वाद अर्धा सोडला, पलंगाखालून काळ्या बूट पॉलिशची डबी काढली आणि ब्रशने त्या इनरोला पॉलिश करायला बसले. मी कपाळाला हात लावला. पंपाचं बेअरिंग गेलेलं लांबून आवाजावरून ओळखणारा माणूस, आणि घरात आला की डोकं दाराबाहेर चपलांपाशी ठेवून येतो. पॉलिशने भेगांत काळं भरलं, वरून सोनंही काळं झालं, आणि जपानी औषधाच्या उरलेल्या वासात बुटांचा वास मिसळला. आई लांबून म्हणाली, "आता झाला का चांगला?"

शुक्रवारी सकाळी बाबा मला गाडीत घालून हमरियाला घेऊन गेले. तिथे फ्रान्सिसकाकांचं फर्निचर पॉलिशचं दुकान होतं. काका वसईचे, बाबांचे जुने दोस्त, मस्कतला चर्च सुट्टीच्या शुक्रवारीही भरायचं, तो रविवार-शुक्रवारचा घोळ कायमचा मिटवायला दोन्ही दिवशी चर्चला जाणारे. मला कशाला नेलं, तर काकांनी काही किचकट सांगितलं तर लक्षात ठेवायला. वाटेत ट्रॅफिकमध्ये थांबलो असताना बाबा एकदम बोलायला लागले. साकाईसानांची बायको आजारी होती तेव्हा इथे पंप बसवायचं काम चालू होतं. ते आज निघतो, उद्या निघतो करत राहिले. पोचले तेव्हा सगळं उरकलं होतं. त्यांची एकुलती एक मुलगी तेव्हापासून त्यांच्याशी बोललेली नाही. ते सुट्टीत घरी जायचे तेव्हा ती मावशीकडे जाऊन राहायची. आता तिचं लग्न ठरलंय, आणि मावशीकरवी एकच निरोप आलाय, पणजोबांचा इनरो घेऊन या. या म्हटलंय, म्हणजे बोलावलंय, असं साकाईसान धरून चाललेत. कॅम्पवर महिनाभर दुसरं बोलणं नाही.

"आणि हे तुम्ही आईला कधी सांगणार?"

"नको सांगू. रडत बसेल."

माझी आई रडत बसेल, असं त्या माणसाला इतकी वर्षं संसार करून वाटत होतं. मला त्यांची कीव आली आणि रागही आला. मुलगी बापाशी बोलत नाही, बाप एक डबी घेऊन तिच्यापुढे उभा राहणार, आणि ती डबी माझ्या मांडीवर वर्तमानपत्रात गुंडाळलेली, बूट पॉलिश लावून.

फ्रान्सिसकाकांनी कागद उघडला, चष्मा लावला, चष्मा काढला. "हे बूट पॉलिश कोणी लावलं?" बाबांनी काळी बोटं खिशात घातली. काकांनी मऊ फडक्याने ते पुसून काढलं, निम्मं भेगांतच राहिलं. वरून लाकडाचं पॉलिश मारून बघू का, असं बाबांनी विचारलं. काका म्हणाले, "अरे, हे माझं काम नाय. हे मी धरलं तर आहे ते पण जाईल. तू जा आणि त्याला सांग, झालं असं असं."

"कसं सांगू? रोज एका टेबलावर जेवतो आम्ही."

"म्हणून तर सांगायचं. मी काय, मी आज मेणबत्ती लावतो तुझ्यासाठी."

"मेणबत्तीने भेगा बुजतील?"

"नाय. पण तुझं तोंड उघडेल," काका म्हणाले आणि माझ्या हातावर एक केक ठेवला.

बाबांचं तोंड काही उघडलं नाही. घरी येईपर्यंत त्यांचा बेत ठरला होता. साकाईसान विमानतळावर निघतील त्या गडबडीत डबी कापडात बांधून द्यायची. मी म्हटलं, हे चोरापेक्षा वाईट आहे. बाबा म्हणाले, तू लहान आहेस. मी सतरा वर्षांची होते आणि त्या घरात मोठं कोण आहे, हाच मला प्रश्न पडला होता.

दार उघडलं तर आई जरीच्या काठाची साडी नेसून उभी. गणपतीला नेसायची ती. तिने माझ्या हातातली पुडी घेतली, स्वयंपाकघरात नेली आणि बरण्या उघडल्याचे आवाज यायला लागले. एका मजल्यात ओवा. एकात सुंठ. एकात बाळहिरडा. चौथ्यात वेखंडाचा तुकडा. मजले नीट बसत नव्हते, म्हणून तिने दोरी घट्ट ओढून गाठ मारली. दोरीही सोड्याने आटली होती.

"आई, हे काय करतेयस?"

"औषध आलं होतं ना त्यातून? मग औषधच जायला हवं. लाडू का घालू?"

"अगं, ती मोडलीय, आणि तू..."

"मोडली तर मोडली. म्हणून रिकामी पाठवायची? चल खाली. मला बोलता येत नाही त्याच्याशी."

आम्ही जिना उतरलो. बाबा पहिल्या मजल्यापर्यंत आले आणि तिथेच पायरीवर बसले. पोटात दुखतंय, म्हणाले.

साकाईसानांनी दार उघडलं. खोलीत बॅग उघडी होती, शर्ट घड्या घालून लावलेले, मधोमध एवढीशी मोकळी जागा ठेवलेली. ती जागा कशासाठी ते मला लगेच कळलं. त्यांनी आईला बघून वाकून नमस्कार केला. आईने डबी पुढे केली. त्यांनी दोन्ही हातांनी घेतली, आणि मग बघितली. गाठ सोडवायचा प्रयत्न केला, सुटेना, आईनेच पुढे होऊन सोडून दिली. झाकण उघडताना सोन्याचा एक कण त्यांच्या बोटाला चिकटून आला. बगळ्याचा पाय होता तो. ते बोट तसंच धरून उभे राहिले.

आई बोलायला लागली. मी अजूनही ते विसरलेले नाही, कारण त्यातला प्रत्येक शब्द ऐकताना मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं वाटत होतं. "ह्याला सांग, वास फार येत होता. दुसऱ्याची वस्तू वास मारत परत द्यायची नाही, म्हणून धुतली. ऊन दाखवल्याशिवाय वास जात नाही. इतकं नाजूक होतं तर बाहेर काढायचं नव्हतं, ठेवायचं कपाटात. पण त्याने काढलं, दुसऱ्याच्या पोटात दुखतंय म्हणून काढलं, हे चांगलं केलं. मी ते विसरायची नाही. आणि हा ओवा पोटाला, सुंठ कफाला, बाळहिरडा आणि वेखंड बाळगुटीला. लग्नाला चाललाय ना? मग लागेल. उगाळून द्यायचं म्हणावं, पूड करायची नाही."

मी इंग्रजीत म्हटलं, "माझी आई म्हणतेय, ती फार सॉरी आहे."

आईची मान गर्रकन माझ्याकडे वळली. सॉरी हा एवढा एकच इंग्रजी शब्द तिला पक्का ठाऊक होता. "सॉरी कशाला म्हणालीस? मी कुठे सॉरी म्हणाले?"

साकाईसान माझ्याकडे बघत होते. मग सावकाश म्हणाले, "तुझी आई सॉरी म्हणाली नाही. ती बराच वेळ बोलली. सॉरी एवढं लांब नसतं. ती काय म्हणाली ते सांग, प्लीज."

मग मला सगळं सांगावं लागलं. वास, सोडा, कपाट, पोटदुखी, वेखंड, सगळं, माझ्या शाळेच्या इंग्रजीत, अडखळत. वेखंडाला इंग्रजीत काय म्हणतात ते मला आजही माहीत नाही. मी म्हटलं, मुळी आहे, बाळांसाठी. साकाईसानांनी एकेक मजला नाकाशी नेला. चौथ्यापाशी थांबले. मग बॅगेशेजारी पलंगावर बसले आणि बोलले ते आईकडे बघून, मी मधे नसल्यासारखे. मुलीने एवढंच मागितलं होतं. तिच्या आईकडे ते वेळेवर पोचले नाहीत, आणि आता हेही त्यांना सांभाळता आलं नाही, असंच ती म्हणेल. तिचं म्हणणं चूक नाही. हे घेऊन जावं की न जावं, तेच त्यांना समजत नाहीये.

बाबांनी मना केलेलं होतं. पण त्यांनी साकाईसानांना मना केलं नव्हतं, आणि मी दुभाषी होते. मी आईला सगळं सांगितलं, बायकोचं, मुलीचं, मावशीचं. आई रडली नाही. न विचारता त्यांच्या जमिनीवर बसली, गणपतीच्या साडीत.

"हा न्यायचा," ती म्हणाली. "नेला नाहीस तर ती म्हणेल बाप हात हलवत आला. न्यायचा, आणि सांगायचं की मी मोडला. बापाने नाही. वरच्या मजल्यावरची एक बाई आहे, तिने उन्हात घातला. मुलीला काय शिव्या द्यायच्या त्या मला दे म्हणावं. बापावर आधीच खूप झाल्यात, आणखी एक नको." मग माझ्याकडे बोट दाखवून, "आणि ह्यात सॉरी घालू नको. जसं म्हणाले तसं सांग."

ती जसं म्हणाली तसं मी सांगितलं. साकाईसानांनी बोटावरचा सोन्याचा कण कागदाच्या चिटोऱ्यात पुसून घेतला, चिटोरा खालच्या मजल्यात ठेवला, झाकण लावलं. मग आईला विचारलं, "तुमचं नाव काय?" ती इतकी वर्षं त्यांना फोरमनची बायको म्हणून ठाऊक होती. आई मंदा म्हणाली. त्यांनी ते दोनदा म्हणून पाहिलं. मंदासान. जिन्यात बाबा तसेच बसलेले होते. आई त्यांच्या बाजूने जाताना म्हणाली, "झालं. उठा आता."

पुढचे दिवस म्हणजे डोक्याला ताप होता. साकाईसान गेले, आणि आई रोज विचारायची, "काय झालं असेल?" पोळ्या लाटताना, कपडे वाळत घालताना, माझं गणित चालू असताना. मी काय सांगणार? लग्न कुठल्या दिवशी होतं ते बाबांना विचारलं तर तेवढं त्यांनी विचारलंच नव्हतं. बुधवारी बाबा एकटे यायचे, जेवायचे, आणि सुरमईचा एक तुकडा ताटात ठेवून द्यायचे. मला सगळ्यांचाच राग यायचा, त्या जपानातल्या मुलीचासुद्धा. एका डबीवर काय अडवून बसायचं, बोलून टाकावं ना माणसाने. पण मग जिन्यातून जाताना तळमजल्याच्या बंद दाराकडे माझीही नजर जायचीच, आणि तिने त्यांना दारातूनच परत पाठवलं असलं तर, ह्या विचाराने मी दोन-दोन पायऱ्या एकदम चढायचे. माझा बाप काही कामाचा नव्हता, पण त्याच्याशी न बोलता मला एक आठवडाही काढता आला नसता.

महिन्याभराने एका गुरुवारी सकाळी दार वाजलं. साकाईसान होते. ह्या वेळी ते दारातून परत गेले नाहीत, चपला काढून आत आले आणि बसले. हातात काही नव्हतं. आईने कांदेपोहे केले, वर खोबरं घातलं, बशी त्यांच्यापुढे ठेवली आणि समोर उभी राहिली. बाबा पेपर उलटा धरून बसले. शेवटी मीच विचारलं.

साकाईसानांनी आधी पोहे संपवले. मग सांगितलं. मुलीने इनरो हातात घेतला आणि तिचा चेहरा पडला. ते काही बोलायच्या आत तिने उघडला, आणि खोलीभर ओव्याचा आणि त्या मुळीचा वास झाला. हे कुणी केलं, तिने विचारलं. कितीतरी वर्षांनी तिने बापाला विचारलेला तो पहिला प्रश्न. त्यांनी ठरल्याप्रमाणे सांगितलं, मंदासान. कोण मंदासान, तिने विचारलं. मग त्यांना वादी अदाई सांगावी लागली, गच्ची सांगावी लागली, सोडा आणि मिरच्या सांगाव्या लागल्या. ती म्हणाली, असली कसली बाई आहे ही. तेही म्हणाले, हो, भयंकर बाई आहे. जेवण थंड होऊन गेलं. "आम्ही दोघांनी मिळून," साकाईसान माझ्याकडे बघून म्हणाले, "तुझ्या आईची खूप निंदा केली." आणि उठून त्यांनी आईला वाकून नमस्कार केला.

हे मी शब्दाला शब्द सांगितलं. काही घातलं नाही, काही गाळलं नाही.

"निंदा?" आई म्हणाली. "माझी? आणि वर माझेच पोहे खाल्लेस?" मग ती त्यांची रिकामी बशी उचलून आत निघाली आणि दारात थांबली. पाठ आमच्याकडे होती. "त्याला विचार," ती मला म्हणाली, "ती एवढ्यापुरतीच बोलली, का पुढेही?"

मी विचारलं. साकाईसान म्हणाले, "दुसऱ्या दिवशीही."